राउटरला डिस्क जोडताना: पहिल्या केबलपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

घरातले फोटो चार फोनमध्ये, दोन लॅपटॉपमध्ये आणि एखाद्या पेन ड्राइव्हमध्ये विखुरलेले असतात. हवा तो फोटो नेमका कुणाकडे आहे, हे विचारत फिरावं लागतं. घरातल्या सगळ्यांसाठी एकच सामायिक कपाट असावं आणि ते ज्याच्या त्याच्या फोनवरून उघडावं, एवढीच गरज असेल, तर नवं यंत्र घेण्याआधी घरातल्या वाय-फाय राउटरकडे नीट बघा. तो दिवसरात्र चालू असतो. घरातलं प्रत्येक उपकरण त्याला आधीच जोडलेलं असतं. शिवाय आतून तो एक छोटा संगणकच असतो: प्रोसेसर, मेमरी आणि बहुतेक वेळा लिनक्सवर उभं असलेलं सॉफ्टवेअर. त्याला डिस्क मिळाली की तो फाइली वाटायला लागतो.

ज्यांनी राउटरच्या सेटिंग्ज आजवर उघडलेल्याही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुढचा प्रत्येक निर्णय ज्यावर घासून बघायचा, ती कसोटी आधीच सांगून ठेवतो: राउटर उद्या अचानक बंद पडला, तर डिस्क काढून लॅपटॉपला लावल्यावर फोटो दिसले पाहिजेत. राउटरचं आयुष्य वेगळं, डिस्कचं वेगळं आणि राउटरच्या सॉफ्टवेअरचं तिसरंच. तिघांपैकी कोण आधी जाईल ते आपल्या हातात नाही. पण एक गेल्यावर बाकीचे अडकून पडू नयेत, याची सोय आपल्याला करता येते.

आतली डिस्क की बाहेरची?

काही राउटरांमध्ये डिस्क आतच बसवलेली असते. ॲपलने २००८ साली आणलेलं टाइम कॅप्सूल हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. मॅकचा बॅकअप आपोआप हवेतून घेणारा राउटर, अशी त्याची ख्याती होती. २०१८ मध्ये ॲपलने राउटर बनवणंच थांबवलं. फ्रान्समधल्या फ्री या कंपनीच्या फ्रीबॉक्सच्या एका पिढीत २५० जीबीची डिस्क आतच होती. शाओमीनेही १ टीबी डिस्क पोटात असलेला राउटर काढला होता.

दुसरा प्रकार म्हणजे मागे किंवा बाजूला यूएसबीचं पोर्ट असलेला राउटर. डिस्क आपली, आपण निवडून लावलेली. जर्मनीच्या फ्रिट्झबॉक्सपासून असूस, टीपी-लिंक, नेटगिअरपर्यंत अनेकांच्या वरच्या मॉडेलांत ही सोय असते. सिनॉलॉजी ही मुळात नॅस म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीची यंत्रं बनवणारी कंपनी. तिच्या राउटरांमध्ये तर फाइली सांभाळण्याचं सॉफ्टवेअर बरंच सविस्तर असतं.

नवख्या माणसाने यूएसबीचाच मार्ग धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आतली डिस्क दिसायला नीटनेटकी असते, पण राउटर तापतो, त्याच डब्यात डिस्कही तापते, आणि बिघाड झाला की स्क्रू उघडून तारा सोडवल्याशिवाय ती हाती येत नाही. काही यंत्रं डिस्कवर स्वतःची मांडणी करून ठेवतात. ती दुसऱ्या संगणकाला लावली तर संगणक सरळ म्हणतो, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ बाहेरच्या डिस्कच्या बाबतीत केबल उपसली की झालं.

पायरी १: हातातला राउटर तपासा

मागे यूएसबी पोर्ट आहे का, ते बघा. आतली पट्टी निळी असेल तर ते बहुधा यूएसबी ३ असतं. काळी किंवा पांढरी असेल तर यूएसबी २. नुसतं पोर्ट दिसलं म्हणून खूश होऊ नका. काही राउटरांवरचं पोर्ट फक्त प्रिंटरसाठी किंवा मोबाइल डेटाच्या डोंगलसाठी असतं. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये तर पोर्ट असूनही साठवणीची सोय कुलूपबंद केलेली आढळते. माहितीपुस्तिकेत ‘यूएसबी स्टोरेज’, ‘फाइल शेअरिंग’ किंवा ‘सांबा’ हे शब्द शोधा. सांबा हे लिनक्सवरून विंडोजच्या पद्धतीने फाइली वाटणारं मुक्त सॉफ्टवेअर. अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं काम सुरू केलं आणि आज असंख्य राउटरांच्या पोटात तेच चालतं.

मग निर्मात्याच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचं पान काढा आणि शेवटचं फर्मवेअर कोणत्या तारखेचं आहे ते बघा. फर्मवेअर म्हणजे राउटरचं स्वतःचं सॉफ्टवेअर. शेवटचं अपडेट दोन-तीन वर्षांपूर्वीचं असेल, तर तो राउटर इंटरनेट देण्यापुरताही धोक्याचा होत चाललेला असतो. घरातले फोटो त्याच्या भरवशावर ठेवू नयेत. नवा राउटर घेतानाही मी वेगाच्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा ही तारीख आधी बघतो.

वेगाबद्दल अपेक्षा आधीच जमिनीवर आणलेल्या बऱ्या. यूएसबी २ चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असतो, प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ मेगाबाइट मिळाले तरी चांगलं. यूएसबी ३ चं पोर्ट आणि दमदार प्रोसेसर असेल तर गिगाबिट केबलवरून ११० मेगाबाइटच्या आसपास जाता येतं. स्वस्त राउटरांत मात्र पोर्ट रिकामं राहतं आणि प्रोसेसरच धापा टाकतो. हिशोब करून बघा: १०० जीबी फोटो सेकंदाला २५ मेगाबाइटने चढवायला साधारण ६७ मिनिटं लागतात. म्हणून पहिली मोठी भरणी वाय-फायवरून करूच नका. पायरी ३ मधलं फॉरमॅट उरकल्यावर डिस्क थेट लॅपटॉपला लावून भरा, मग राउटरला जोडा. त्यानंतर रोजचे पाच-पन्नास फोटो हवेतून सहज जातात.

पायरी २: डिस्क निवडताना आधी विजेचा विचार

इथे जरा थांबतो, कारण नवख्यांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं असा माझा अनुभव आहे.

मी पहिल्यांदा जोडली ती खिशात मावेल अशी, फिरत्या तबकडीची अडीच इंची डिस्क होती. जोडली, दिवा लागला, फोल्डर दिसले. दहा मिनिटांनी फोल्डर गायब. कान लावून ऐकलं तर डिस्कमधून बारीक टक्, मग दोन सेकंद शांतता, मग पुन्हा टक् असा आवाज येत होता. आत तबकडी फिरायला सुरुवात करत होती, वीज कमी पडत होती, ती थांबत होती आणि पुन्हा उठायचा प्रयत्न करत होती. डिस्क खराब निघाली असं समजून मी ती बदलायला निघालो होतो. तीच डिस्क लॅपटॉपला लावली तर तासन्‌तास बिनतक्रार चालली.

कारण साधं आहे. यूएसबी २ चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९०० देतं. तबकडी शून्यापासून वेग घेते त्या क्षणी यापेक्षा जास्त ओढ लागू शकते. राउटरचा अडॅप्टर तर आधीच वाय-फायचे अँटेना चालवण्यात गुंतलेला असतो. यावर तीन उपाय आहेत. स्वतःचा वेगळा अडॅप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क घ्या. किंवा विजेच्या सॉकेटमध्ये लागणारा यूएसबी हब मध्ये टाका. मला सर्वांत आवडणारा तिसरा उपाय म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसतं, सुरू होताना तिला तबकडीसारखा झटका लागत नाही आणि ती बिनआवाज चालते.

पेन ड्राइव्ह लावून सुरुवात केली तर चालेल का? सराव करायला उत्तम. कायमच्या वापरासाठी नको, सततच्या लिहिण्या-पुसण्याला तो फार काळ पुरत नाही.

पायरी ३: फॉरमॅट

डिस्कवर फाइली कोणत्या पद्धतीने मांडल्या जातात, ते फॉरमॅटवर ठरतं. फॉरमॅट केलं की डिस्कवरचं आधीचं सगळं जातं, त्यामुळे हे काम डिस्क रिकामी असतानाच करा.

फॅट३२ सगळ्यांना वाचता येतं, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लांबलचक व्हिडिओ ९० टक्क्यांपर्यंत जातो आणि अडकतो, त्यामागे हेच असतं. एक्सफॅटला ही मर्यादा नाही आणि विंडोज, मॅक दोघांनाही ते लिहिता-वाचता येतं. त्याची उणीव वेगळी आहे: त्यात जर्नल नसतं. जर्नल म्हणजे काम करण्याआधी ‘आता हे करतो आहे’ अशी नोंद ठेवणारी वही. मधेच वीज गेली तर ही वही बघून फाइल सिस्टम कुठे थांबलो होतो ते शोधते आणि सावरते. वही नसेल तर अर्धवट लिहिलेल्या फाइलीबरोबर शेजारचे फोल्डरही बिघडू शकतात. विंडोजचं एनटीएफएस आणि लिनक्सचं ईएक्सटी४ या दोन्हींत जर्नल असतं.

घरात विंडोज असेल आणि राउटरला एनटीएफएस लिहिता येत असेल, तर ते निवडा. आपली कसोटी लगेच पुरी होते, डिस्क काढा आणि कोणत्याही विंडोज लॅपटॉपला लावा. घरात कुणी लिनक्स वापरत असेल तर ईएक्सटी४ राउटरवर सर्वांत हलकं चालतं. घरात फक्त मॅक असतील तर एक्सफॅट आणि त्यासोबत एक छोटा यूपीएस, कारण मॅकला एनटीएफएस वाचता येतं पण मुळात लिहिता येत नाही. राउटरच्या पानावर ‘डिस्क एन्क्रिप्ट करा’ असा पर्याय दिसला तर घाई करू नका. ते कुलूप त्याच राउटरशी बांधलेलं असेल, तर राउटर गेल्यावर किल्लीही गेली.

पायरी ४: जोडण्याआधी राउटर सज्ज करा

ब्राउझरच्या पट्टीत राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नेमका कोणता ते राउटरच्या खालच्या लेबलवर छापलेलं असतं. आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरून टाइप करायचे. आत गेल्यावर डिस्कला हात लावण्याआधी एवढं करा:

- लेबलवर छापलेला ॲडमिनचा पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा.
- फर्मवेअर अपडेट करा आणि आपोआप अपडेटचा पर्याय असेल तर चालू करा. अपडेट सुरू असताना वीज तोडू नका.
- वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा, बटण दाबून जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करा.
- यूपीएनपी बंद करा. आतलं एखादं उपकरण तुम्हाला न विचारता बाहेरच्या जगासाठी दार उघडू शकतं, ते याच्यामुळे.
- पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करा. त्यांना इंटरनेट मिळेल, तुमची डिस्क दिसणार नाही.

आता डिस्क जोडा. जोडल्यानंतर घरातलं २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय एकदम ढेपाळलं, तर चक्रावून जाऊ नका. यूएसबी ३ च्या केबलमधून जाणाऱ्या वेगवान संकेतांचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. चांगलं आवरण असलेली केबल वापरून डिस्क राउटरच्या अँटेनापासून हातभर लांब ठेवा. तरीही फरक पडला नाही तर राउटरच्या सेटिंग्जमध्ये ते पोर्ट यूएसबी २ च्या गतीवर आणता येतं का बघा. फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर नेले तर हा त्रास जाणवतही नाही. डिस्क राउटरच्या डोक्यावर मात्र ठेवू नका, दोघेही तापतात.

पायरी ५: फोल्डर आणि माणसं

बहुतेक राउटरांच्या यूएसबीच्या पानावर ‘पासवर्डशिवाय सर्वांना प्रवेश’ अशा अर्थाचं एक बटण असतं आणि बऱ्याचदा ते आधीच चालू असतं. सगळ्यात आधी ते बंद करा. मग घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं नाव आणि पासवर्ड तयार करा. फोल्डरांची रचना साधी ठेवा: एक सामायिक, एक प्रत्येकाचा खासगी, आणि एक जुन्या फोटोंचा, ज्यात सगळ्यांना बघता येईल पण पुसता येणार नाही. या तिसऱ्या फोल्डरला फक्त वाचण्याची परवानगी द्या. चुकून दाबलेल्या एका बटणाने वीस वर्षांचे फोटो जाण्याची शक्यता त्याने खूप कमी होते.

त्याच पानावर एसएमबीची आवृत्ती निवडता येत असेल. एसएमबी ही नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत. तिची पहिली आवृत्ती कटाक्षाने बंद ठेवा. मे २०१७ मध्ये जगभरातल्या संगणकांना वेठीला धरणारा वॉनाक्राय विंडोजमधल्या याच जुन्या आवृत्तीच्या त्रुटीतून पसरला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये ती मुळात बसवणंच थांबवलं. तुमच्या राउटरला फक्त पहिलीच आवृत्ती येत असेल, तर विंडोजमध्ये ती पुन्हा चालू करण्याचे उपाय शोधत बसू नका. त्या राउटरला डिस्क लावू नये, हाच त्यावरचा उपाय.

एफटीपी ही फाइली पाठवण्याची जुनी पद्धत, ती बंद. तिच्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो आणि घरात त्याची गरज पडत नाही. डीएलएनए किंवा ‘मीडिया सर्व्हर’ टीव्हीवर चित्रपट लावायला सोयीचा आहे, पण तो पासवर्ड विचारत नाही. नेटवर्कवरच्या कुणालाही त्या फोल्डरमधलं सगळं दिसतं. म्हणून त्याला अख्खी डिस्क न देता एकच चित्रपटांचा फोल्डर नेमून द्या.

आणखी एक तपासणी मराठी माणसाने आवर्जून करावी. ‘आजीचा वाढदिवस’ असं देवनागरी नाव देऊन एक फोल्डर तयार करा, त्यात दोन फोटो टाका आणि दुसऱ्या उपकरणावरून उघडा. काही जुन्या राउटरांचं सॉफ्टवेअर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दाखवतं, आणि अशी फाइल उघडत नाही, पुसताही येत नाही. हे हजार फोटो चढवल्यावर कळण्यापेक्षा दोन फोटोंवर कळलेलं बरं. तसं झालं तर फोल्डरांची नावं इंग्रजीत ठेवा आणि आधी वर्ष, मग महिना अशा आकड्यांनी सुरू करा. रांगही आपोआप लागते.

पायरी ६: उपकरणं जोडा

विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे राउटरचा पत्ता टाइप करा. नाव-पासवर्ड विचारला जाईल. फोल्डर दिसला की त्यावर उजवी क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करा, म्हणजे तो नेहमीच्या ड्राइव्हसारखा समोर राहतो. मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेनूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये २०१९ पासून, म्हणजे आयओएस १३ पासून, हीच सोय तीन टिंबांच्या मेनूत मिळते. अँड्रॉइडवर एसएमबी येणारं फाइल मॅनेजर ॲप लागतं.

कालपर्यंत उघडणारा फोल्डर विंडोज अपडेटनंतर उघडेनासा झाला, तर आधी पासवर्डचं बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून सुरक्षेचे नियम कडक झाले आहेत आणि बिनपासवर्डाचे जुने शेअर बऱ्याच ठिकाणी नाकारले जातात. नाव-पासवर्ड लावला आणि राउटरचं फर्मवेअर ताजं केलं की बहुधा मार्ग मोकळा होतो.

तुमचा राउटर दुसऱ्या राउटरच्या मागे नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवण्यापुरता, चालत असेल, तर त्याचा पत्ता अधूनमधून बदलू शकतो. पुढच्या राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून तो पक्का करा. मॅकमध्येच असलेल्या टाइम मशीन या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने इथे बॅकअप घ्यायचा असेल तर राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी खास सोय लागते. ती असेल तर जागेची मर्यादाही घालून द्या, नाहीतर टाइम मशीन मिळेल तेवढी डिस्क व्यापतं.

पायरी ७: घराबाहेरून बघायचंय?

माझ्या मनात सगळ्यात जास्त काळजी या टप्प्याची असते. ‘बाहेरूनही फोटो दिसले तर किती छान’ असं वाटतं, राउटरच्या पानावर तसं बटणही असतं, आणि ते दाबलं की काम झटक्यात होतं. फक्त ते दार आपल्यापुरतंच उघडतं की साऱ्या जगाला, हे त्या पानावर कळत नाही.

असूसच्या राउटरांचं प्रकरण यासाठी माहीत असावं. २०१४ च्या फेब्रुवारीत हजारो लोकांना आपल्या डिस्कवर एक अनोळखी मजकुराची फाइल सापडली: तुमची डिस्क इंटरनेटवर कुणालाही उघडी आहे, असा इशारा तीत होता. राउटरच्या साठवणीच्या सोयीत त्रुटी होत्या आणि मुळातली सेटिंग सैल होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार १२,९०० हून अधिक डिस्कमध्ये असा शिरकाव झाला. २०१६ मध्ये झालेल्या समझोत्यात कंपनीला २० वर्षं स्वतंत्र सुरक्षा-तपासणी करून घेण्याचं बंधन आलं. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या नेटवर्क डिस्कांच्या मालकांना सकाळी उठल्यावर डिस्क रिकाम्या दिसल्या. ते राउटर नव्हते, पण धडा तोच लागू पडतो. त्या यंत्रांचे अपडेट २०१५ मध्येच थांबले होते आणि ती इंटरनेटला जोडलेलीच होती.

म्हणून फाइलींचं पोर्ट (इथे यूएसबीची खाच नव्हे, तर नेटवर्कवरचं क्रमांक असलेलं दार), मग ते एसएमबीचं ४४५ असो की एफटीपीचं २१, बाहेर उघडू नका. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंत येणाऱ्या कुलूपबंद खासगी वाटेने, या. वायरगार्ड ही त्यातली आजची सुटसुटीत पद्धत. २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि बऱ्याच नव्या राउटरांच्या मेनूत असते. राउटरवर वायरगार्ड चालू करा, फोनसाठी एक नोंद तयार करा, पडद्यावर येणारा क्यूआर कोड फोनच्या वायरगार्ड ॲपने टिपा. बाहेर असताना ॲपमधलं बटण चालू केलं की फोन जणू घरातच आहे असं राउटरला वाटतं.

सगळं बरोबर करूनही जोडणी होत नसेल तर राउटरच्या पानावरचा इंटरनेटचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमची इंटरनेट कंपनी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते आहे. मग बाहेरून थेट येता येत नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता किंवा आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) मागा.

पायरी ८: दुसरी प्रत

राउटरवरची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. फोनमधले फोटो पुसून ते फक्त तिथेच ठेवले, तर ती एकमेव प्रत झाली. खंडणी मागणारे व्हायरस लॅपटॉपमधून जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरही जातात आणि तिथल्या फाइलीही कुलूपबंद करतात. जुन्या जाणत्यांचा ३-२-१ चा नियम इथे चोख आहे: एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर.

सोपं करायचं तर आणखी एक डिस्क घ्या. महिन्यातून एकदा ती लॅपटॉपला लावा, राउटरवरून नवं ते उतरवून घ्या, काढा आणि कपाटात ठेवा. केबल काढलेल्या डिस्कपर्यंत कोणताही व्हायरस पोचत नाही. राउटरवरची डिस्क काढताना मात्र सेटिंग्जमधलं ‘सुरक्षित काढा’ आधी दाबा, मग केबल.

निर्मात्याने साथ सोडली तर

राउटर ठणठणीत आहे, पण अपडेट येणं थांबलं, ही वेळ कधी ना कधी येतेच. तेव्हा ओपन-डब्ल्यूआरटी आठवा. लिंकसिसच्या २००२ मधल्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांच्या लक्षात आलं, मुक्त परवान्याप्रमाणे कंपनीला त्याचा मूळ कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. आज तो शेकडो मॉडेलांना नवं आयुष्य देतो.

नवख्यालाही हे जमतं, पण सावकाश करायचं. आधी प्रकल्पाच्या यादीत आपलं मॉडेल शोधा आणि लेबलवरचा हार्डवेअर आवृत्तीचा आकडा तंतोतंत जुळवा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांमध्ये चिप वेगळी असते, आणि चुकीची फाइल चढवली तर राउटर मुका होतो. ८ एमबी साठवण आणि ६४ एमबी मेमरीच्या जुन्या राउटरवर फाइली वाटण्याचा हट्ट धरू नका. १६ आणि १२८ च्या खाली हे काम नीट होत नाही. फाइल उतरवल्यावर तिची पडताळणी-संख्या, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, तपासा, वाय-फायवरून न करता केबल लावून चढवा. नंतर यूएसबी साठवण, तुमच्या फॉरमॅटचा ड्रायव्हर आणि सांबा किंवा त्याहून हलकं केएसएमबीडी ही पॅकेजं घाला. पुढच्या मोठ्या अपडेटला ती पुन्हा घालावी लागतात, त्यामुळे नावं लिहून ठेवा.

प्रकल्पाला २० वर्षं झाली तेव्हा, २०२४ च्या शेवटी, ओपन-डब्ल्यूआरटी वन नावाचा त्यांचा स्वतःचा राउटर आला. त्यात एनव्हीएमई एसएसडीसाठी, म्हणजे थेट आत बसणाऱ्या छोट्या वेगवान एसएसडीसाठी, खाच आहे. सॉफ्टवेअर बिघडलं तरी परत उठवता यावं म्हणून दुसरी, वेगळी फ्लॅश चिपही आहे. साठवणीसह राउटर नव्याने घेणाऱ्या आणि थोडं शिकायची तयारी असलेल्या माणसाला मी हे आवर्जून बघायला सांगेन. घरात दहा-बारा टीबी व्हिडिओ असतील, एकाच वेळी तिघं-चौघं ते बघणार असतील, तर मात्र राउटरवर ओझं न टाकता दोन डिस्कांचं वेगळं नॅस घ्या.

शेवटची तपासणी

सगळं जोडून आठवडा झाला की एका मोकळ्या संध्याकाळी हे करा. सेटिंग्जमधून डिस्क सुरक्षित काढा, केबल उपसा, राउटर बंद करा. डिस्क लॅपटॉपला लावा. ईएक्सटी४ केलं असेल तर विंडोज ती वाचणार नाही, पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स लावून बघा. तो पेन ड्राइव्ह मग डिस्कजवळच ठेवा. सर्वांत जुन्या फोल्डरमधला एक फोटो आणि सर्वांत नवा एक व्हिडिओ उघडा, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. तोवर डिस्कची तब्येत सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं तापमान आणि बदली केलेल्या खराब भागांची संख्या बघून घ्या, कारण बरेच राउटर हे दाखवत नाहीत. ती संख्या शून्य असेल तर डिस्क पुन्हा राउटरला लावा. शून्य नसेल तर आकडा तारखेसह डिस्कवरच चिकटवलेल्या कागदावर लिहा, दुसरी प्रत त्याच दिवशी ताजी करा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. आकडा वाढलेला दिसला की डिस्क बदला.